ऑफ म्हणजे चा-ची-चे नव्हे

इंग्रजीतून मराठी करताना मोठे शब्द फारसे अडवत नाहीत. त्यांच्यासाठी कोश आहेत. मला अडवतो तो दोन अक्षरांचा ‘ऑफ’. शाळेत आपण पाठ केलेले असते की ऑफ म्हणजे षष्ठी: चा, ची, चे. ती पाठांतराची सवय मोडायला मला झाशीच्या कागदांनी लावली. १८५७ च्या आगेमागे इंग्रजांनी झाशीविषयी जे लिहिले, त्याचे मराठी करताना हा शब्द पानोपानी भेटतो आणि दर वेळी वेगळा निघतो.

‘सिटी ऑफ झाशी’ म्हणजे झाशी शहर. इथे चा-ची-चेला जागाच नाही, कारण शहर आणि झाशी एकच आहेत. ‘स्टेट ऑफ झाशी’ म्हणजे झाशी संस्थान. पण मागचेपुढचे वाक्य पाहिले नाही, तर तीच ‘झाशीची अवस्था’ होऊन बसते. ‘वन ऑफ द गन्स’ला ‘पैकी’ लागते, ‘डाइड ऑफ फीव्हर’ला ‘तापाने’. आणि ‘डिप्राइव्ह्ड ऑफ हर राज’मध्ये राणीपासून राज्य काढून घेतलेले असते. हा शेवटचा अर्थ सर्वांत जुना. इंग्रजीतले ‘पासून’वाचक ऑफ (of) आणि ‘दूर’वाचक ऑफ (off) हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार, आणि मूळ अर्थ तोडण्याचा, दूर होण्याचा. इंग्लंडवरच्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ‘द’च्या वळणाने तो मालकी दाखवू लागला. तोडणारा शब्द जोडणारा झाला.

खरी परीक्षा पुढे आहे. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज झाशीवर आली. इंग्रज लेखक ‘सीज ऑफ झाशी’ लिहितो आणि लगेच ‘फॉल ऑफ झाशी’. रचना तीच, पण पहिल्यात झाशीवर कुणीतरी काही करतो आहे आणि दुसऱ्यात झाशीचेच काही होते आहे. दोन्हीकडे ‘झाशीचा’ लावून चालते. व्याकरण चुकत नाही, पण वाक्य मेलेले असते. मराठी माणूस म्हणेल, रोजने झाशीला वेढा घातला, झाशी पडली.

आता ‘अ‍ॅनेक्सेशन ऑफ झाशी’ घ्या. झाशीचे राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये संस्थान गेले. हे सारे इंग्रजी तीन शब्दांत बसवते, आणि त्या तीन शब्दांत करणारा कुठेच नाही. जणू खालसा होणे हा झाशीचाच गुणधर्म. मराठीत ‘झाशीचे विलीनीकरण’ लिहिले, तर तो आडोसा मीही उभा केला. ‘कंपनीने झाशी खालसा केली’ असे लिहायचे ठरवले की क्रियापद कर्ता मागते, आणि कंपनीला वाक्यात यावेच लागते.

हाच ऑफ गंगाधररावांच्या राणी लक्ष्मीबाईंनाही दोन ठिकाणी बसवतो. कंपनीच्या हिशेबात त्या दिवंगत राजाच्या विधवा, ‘विडो ऑफ’, साठ हजार रुपये सालिना पेन्शनच्या धनी. स्वतःच्या हिशेबात त्या ‘रानी ऑफ झाशी’, दत्तकाच्या वतीने राज्य करणाऱ्या. ऑफच्या पुढे नवऱ्याचे नाव ठेवायचे की गावाचे, यावरच सगळा झगडा होता.

मग चा-ची-चे टाकूनच द्यायचे का? मुळीच नाही. ‘झाशीची राणी’मधली ‘ची’ मला इंग्रजी ऑफहून श्रीमंत वाटते. लक्ष्मीबाई, माहेरच्या मणिकर्णिका तांबे, जन्मल्या काशीत, १८४२ मध्ये लग्न होऊन झाशीत आल्या. ऑफ त्यांची सत्ता सांगतो. ‘ची’ सत्ताही सांगते आणि आपलेपणही. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्ये चरित्र लिहिले, तेव्हा ‘झाशी संस्थानच्या महाराणी’ असे आदरार्थी अनेकवचन योजले. त्या ‘च्या’मध्ये राजवाड्याची अदब आहे. ती ऑफला कुठून येणार?

उलट दिशेनेही मजा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये आले. नाव अगदी सोपे, ‘माझा प्रवास’. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांच्या इंग्रजी भाषांतराच्या नावात मात्र ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ ब्राह्मिन प्रीस्ट’ आले. मराठीतला ‘माझा’ कोण, हे इंग्रजी वाचकाला ऑफनेच सांगावे लागते. आणि १९४३ मध्ये सिंगापूरला उभी राहिलेली आझाद हिंद सेनेतली स्त्रियांची ‘रानी ऑफ झाशी रेजिमेंट’? तिच्यातल्या अनेक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आलेल्या; झाशी तर दूरच, त्यांनी भारतही पाहिला नव्हता. तिथला ऑफ फक्त नावातला, म्हणून मराठीतही ‘झाशीची राणी पलटण’ म्हणायचे. ‘झाशीच्या राणीची पलटण’ म्हटले, तर काळ चुकतो.

भाषांतराला बसणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: ऑफ दिसला की चा-ची-चे लिहायला हात उचलू नका. आधी विचारा, या दोन नामांत कोण काय करतो, आणि कुणाला? उत्तर मिळाले की विभक्ती शोधावी लागत नाही. आणि उत्तर मिळत नसेल, तर मूळ लेखकाने तिथे काहीतरी झाकले आहे असे समजा आणि आणखी कागद उघडा.