धरणाच्या भरपाईतून उडालेले विमान

१९७१. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे प्रमुख रॉबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. त्या प्रदेशात क्री लोक राहत होते, त्यांच्या उत्तरेस इनुइट. त्यांना कोणी विचारले नव्हते.

दोन्ही समाज न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालुफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने तो आठवड्याभरात उठवला. पण सरकारला वाटाघाटींना बसणे भाग पडले.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. सही करणाऱ्या इनुइट प्रतिनिधींपैकी झेबेडी नुंगाक अवघे चोवीस वर्षांचे होते. भरपाई मिळाली, पण भूमीवरील मूळ हक्क सोडून देण्याचे कलमही त्यात होते. पुविर्नितुक आणि इवुयिविक या गावांनी म्हणूनच करार नाकारला. त्यांना हेकट म्हणणे सोपे आहे. त्यांचा आक्षेप मात्र आजही खोडता येत नाही.

भरपाईची रक्कम सांभाळण्यासाठी १९७८ मध्ये मकिविक ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी एअर इनुइट.

विमानच का? नुनाविकमध्ये १४ गावे आहेत. दक्षिणेकडे जाणारा रस्ता नाही, गावागावांतही नाही. मालवाहू जहाज येते ते केवळ बर्फ वितळल्यावर. एरवी दूध, टपाल, डॉक्टर, शवपेटी, सारे आकाशातूनच. आखूड धावपट्टीवर उतरणारे ट्विन ऑटर तिथे एसटीसारखे; काही मोठ्या विमानांत पुढे माल आणि मागे माणसे.

आणखी एक जुनी आठवण होती. १९५० च्या दशकात सी. डी. हाउ हे सरकारी जहाज क्षयरुग्णांना तपासून थेट दक्षिणेकडील रुग्णालयांत नेई. कित्येक परतले नाहीत. काहींच्या घरच्यांना थडगे कुठे आहे हेही कळले नाही. वाहन कोणाचे, हा प्रश्न त्या लोकांसाठी निव्वळ व्यापाराचा नव्हता.

१९९० मध्ये मकिविकने फर्स्ट एअर ही मोठी कंपनीही विकत घेतली. तिकिटे मात्र महागच राहिली. मालकी आपली असली तरी इंधन आणि अंतर कोणाचे ऐकत नाही.

आणि सगळीच विमाने त्यांची नव्हती. अत्यवस्थ मुलांना दक्षिणेला नेणाऱ्या क्वेबेक सरकारच्या रुग्णविमानात आईवडिलांना सोबत बसू देत नसत. बालरोगतज्ज्ञांनी जाहीर मोहीम उघडल्यावर, २०१८ मध्ये, तो नियम मागे घेतला गेला.