डिंभ्याच्या पाण्यापलीकडे

७ मे २०२५ च्या सकाळी मंचरच्या स्टँडवर ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता आणि सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी एकच होती. मध्यरात्रीनंतर भारताने पाकिस्तानातल्या तळांवर हल्ले केले होते आणि दुपारी पुण्यात भोंगे वाजवून नागरी संरक्षणाचा सराव होणार होता. घोडेगावच्या गाडीत माझ्या शेजारी बसलेले आजोबा सांगत होते, त्यांच्या भावकीतला पोरगा जम्मूकडं आहे, त्याचा फोन लागत नाही. मागच्या बाकावरची पोरं विमानांची नावं मोजत होती. मी निघाले होते अंगणवाडीतल्या मुलांच्या छातीला नळी लावून ऐकणाऱ्या पथकाबरोबर, पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरच्या वाड्यांमध्ये फिरायला.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठाणं. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच. महादेव कोळी, ठाकर, कातकरी माणसं दाखल्यांसाठी, आश्रमशाळेच्या प्रवेशांसाठी इथे येऊन दिवस घालवतात. पुढे शिनोली, मग डिंभे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि गेले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव आता या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाची लाल माती उघडी पडते, समोरच्या काठावरची घरं हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ वाटतात. पण तिथे पोचायचं तर पाण्याला वळसा घालत, ओढे चढत-उतरत जावं लागतं. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं झालं तरी वळसा तोच.

या रस्त्यावर माळीण लागतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या, नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन आला तेव्हा. गाव पुढे आमडेजवळ नव्या जागी वसवलं. स्मृतिस्थळापाशी मी थोडा वेळ उभी राहिले. पथकातल्या डॉक्टरबाई गाडीतून उतरल्या नाहीत. अजून दोन अंगणवाड्या बाकी आहेत, एवढंच म्हणाल्या.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. पथकात दोन डॉक्टर, औषधं देणारा एक जण, एक परिचारिका, आणि गाडी. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून अंगणवाड्यांचा नंबर. हे काम आमच्यासारख्या शहरी माणसांच्या कानावर क्वचित येतं. मला तर वाटतं, सरकारच्या इतक्या योजनांमध्ये इतक्या आतवर पोचणारी दुसरी फारशी नसेल.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात वजनकाटा. मुलं रांगेत. डॉक्टरबाई स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या तळहातात धरून कोमट करत, मग मुलाच्या छातीला लावत. प्रत्येक मुलाच्या वेळी. चार ठिकाणी ऐकत, मग पाठीवर. दंडाला मोजपट्टी, जीभ बाहेर, नखं वर. एका दीड वर्षाच्या मुलीपाशी त्या थांबल्या. पुन्हा ऐकलं. सेविकाताईंना म्हणाल्या, जरा पंखा बंद करा. मुलांना गप्प बसवलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग नळी माझ्या कानाला लावून दिली. लब-डब असा ठेका येईल असं मला वाटलं होतं. आला तो फरशीवर खराटा ओढावा तसा आवाज, प्रत्येक ठोक्याला.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं की शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसाकडे वळतं. फुप्फुसांवर भार येतो, हृदयाला दुप्पट राबावं लागतं. अंगावर पिताना मूल दमतं, कपाळाला घाम फुटतो, अर्धवट पिऊन झोपतं. सारखी सर्दी, सारखं पोट उडणं. वजन वाढत नाही. मग तक्त्यावर त्याची नोंद कुपोषित अशी होते आणि खाऊचं पाकीट वाढवलं जातं. या मुलीचं तेच झालं होतं. जगभर दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ मुलांच्या हृदयात जन्मजात काही ना काही दोष असतो. काही छिद्रं आपोआप बुजतात, काही मांडीच्या शिरेतून तार घालून छत्रीसारख्या झाकणाने बंद करता येतात, काहींना छाती उघडावी लागते. मोठं छिद्र तसंच राहिलं तर काही वर्षांत फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या कडक होतात. त्यानंतर छिद्र बुजवणं मुलाच्याच जिवावर येतं. डॉक्टर मग हात जोडतात. या आजाराला उशीर सोसत नाही, तो एवढ्यासाठी.

मुलीची आई रानातून आली. बाळहिरड्याचे दिवस होते. पश्चिमेकडच्या या पट्ट्यात वर्षाचा रोख पैसा हिरड्यावर येतो. झाड झोडायचं, हिरडा वेचायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि वळवाच्या पावसाच्या आत विकायचा. तिच्या हाताला पानांचा वास होता. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली, पुण्याला औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, हृदयाचा इको काढायचा, मग पुढचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिस लागतील, बाई?" पैशांचं तिने विचारलंच नाही. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी तिला आधीच सांगितलं होतं की शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले योजनेतून होतो. तिचं गणित दिवसांचं होतं. हिरडा कोण वेचणार, म्हातारीजवळ थोरल्याला किती दिवस ठेवायचं, नवरा ओतूरच्या बाजूला मजुरीला गेलेला, त्याला निरोप कसा द्यायचा. "पाऊस लागायच्या आधी परत येऊ ना?" एवढंच तिने पुन्हा विचारलं. डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "इको पंधरा दिवसांत करू. ऑपरेशनची तारीख ते देतील. पण पोरीला पावसाळ्यात पुन्हा न्यूमोनिया झाला तर अवघड आहे." आशाताई तिथल्या तिथे म्हणाल्या, "मी येते संगट."

संध्याकाळी घोडेगावला मुक्कामी आलो तेव्हा चहाच्या टपरीवरचा टीव्ही युद्धाचे नकाशे दाखवत होता. डॉक्टरबाईंनी खुर्ची टीव्हीकडे पाठ करून लावली. त्या रात्री आम्ही युद्ध आणि मुलांची हृदयं यावरच बोलत राहिलो, कारण या दोन गोष्टींचं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकन शल्यविशारदाने इंग्लंडमधल्या लष्करी रुग्णालयात सैनिकांच्या हृदयात घुसलेले बॉम्बगोळ्यांचे तुकडे काढले, तेव्हा धडधडत्या हृदयाला हात लावता येतो यावर वैद्यकाचा विश्वास बसला. त्याच युद्धाच्या काळात, २९ नोव्हेंबर १९४४ ला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी निळ्या पडलेल्या एका तान्ह्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे उभे राहून टाका कुठे घालायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस, ज्यांनी वर्णभेद सोसला आणि ज्यांना कधी डॉक्टर होता आलं नाही असे प्रयोगशाळेतले साहाय्यक. आणि ही शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या हेलन टॉसिग यांना कमी ऐकू येई. त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनी हृदय जाणून घेत. हे सांगताना डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला होता.

युद्धाने जे शिकवलं ते युद्धच मुलांपर्यंत पोचू देत नाही, हे मात्र मला सहन होत नाही. इस्रायलमधल्या होलोनला १९९५ साली डॉ. अमी कोहेन यांनी 'सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट' ही संस्था काढली. जगभरच्या गरीब देशांतल्या मुलांच्या हृदयांवर ती मोफत उपचार करते, आणि तिच्या बालरुग्णांत पॅलेस्टिनी मुलांचा वाटा मोठा राहिला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाहून येणाऱ्या मुलांची एरेझच्या सीमाफाटकातली नेहमीची वाट बंद पडली. ८ जुलै २०२४ ला कीव्हच्या ओखमतदित बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा आत शस्त्रक्रिया चालू होत्या. आणि आपल्याकडे? २००३ च्या जुलैत, दीड वर्ष बंद असलेली दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या बसने लाहोरची अडीच वर्षांची एक मुलगी आली. बंगळूरच्या नारायण हृदयालयात तिचं हृदय दुरुस्त झालं आणि सारा देश तिच्यासाठी प्रार्थना करत होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानी रुग्णांचे व्हिसा २९ तारखेपर्यंतच चालतील असं ठरलं, आणि उपचारांसाठी आलेल्या सिंधमधल्या दोन लहान भावंडांना शस्त्रक्रिया न होताच परत जावं लागलं. पहलगामला ज्यांची माणसं मारली गेली त्यांचं दुःख मला कमी लेखायचं नाही. त्यात आपली महाराष्ट्रातलीही माणसं होती. तरीही त्या दोन मुलांची हृदयं कुणाच्या बाजूची नव्हती, असंच मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी जुन्नर. शिवनेरीच्या बाजूने रस्ता आपटाळ्याकडे, नाणेघाटाच्या दिशेला जातो. इकडे एका वाडीत, छातीवर उभा व्रण असलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा भेटला. करवंदं भरलेला द्रोण घेऊन धावत आला, शर्टाची बटणं स्वतःच उघडून व्रण दाखवला. त्याचं ऑपरेशन खारघरला झालं होतं, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात. २०१८ च्या सुमाराला सुरू झालेलं हे रुग्णालय मुलांच्या हृदयावर उपचार करतं आणि कुणाकडूनही पैसे घेत नाही. जुन्नरहून तिकडे जायचं म्हणजे माळशेज उतरून मुरबाड, कल्याण. सातवाहनांच्या काळात व्यापारी नाणेघाटातून कल्याणला उतरत, घाटात जकातीचा दगडी रांजण अजून उभा आहे. या मुलाचे आई-बाप तशाच उताराने कल्याणकडे गेले, एसटीने, एक गाठोडं आणि फाइल घेऊन. वडील म्हणाले, "रगत द्यायला माणसं पायजेत, असं सांगितलं. आम्ही कुणाला नेणार? आमच्यासंगं कुणीच नव्हतं." तिथे कुणा अनोळखी माणसांनी रक्त दिलं.

वडिलांचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. परतताना नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाच्या फाटकाशी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसं बसलेली होती. गावोगावी शिबिरं घेऊन त्या रुग्णालयाने या भागातल्या माणसांची ऑपरेशनची भीती घालवली. हृदयाच्या बाबतीतही तपासणी आहे, चिठ्ठी आहे, योजना आहे, मोफत रुग्णालय आहे. आपल्या वाटेत एरेझचं फाटक नाही, व्हिसा नाही, पडणारं क्षेपणास्त्र नाही. चिठ्ठी मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंतचे दिवस मात्र ज्याचे त्याने काढायचे असतात. तिथेच मुलं मागे राहतात, आणि त्याची लाज मला वाटते, कारण हे दिवस कमी करणं आपल्या हातातलं आहे.

१० मेला शस्त्रसंधी झाली. त्यानंतर काही दिवसांनी आशाताईंचा फोन आला: इको झाला, छिद्र मोठं आहे, ऑपरेशन करायचं ठरलं, आई मुलीला घेऊन जायला तयार आहे, हिरडा जावेने वेचला.

तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी अंगावर पिताना घामाघूम होणारं, ओठ-नखं निळसर दिसणारं, सारखं न्यूमोनियाने आजारी पडणारं मूल असेल तर त्याला 'अशक्त आहे' म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, अंगणवाडीतल्या पथकाची तारीख विचारा. आणि एप्रिल-मे-जूनमध्ये, जेव्हा कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढ्यांत रक्ताची चणचण असते, तेव्हा आवर्जून रक्त द्या. डोंगरातून फाइल घेऊन आलेल्या आई-बापांसोबत रक्त द्यायला कुणी नसतं.