अक्षरांवरील शिक्के

प्रयोगशाळेतील माझ्या चाकरीचा बहुतांश काळ डीएनएवरील एका सूक्ष्म फेरफाराच्या तपासात गेला. सायटोसिन या घटकाला मेथिल गट चिकटतो. जनुकाचे एक अक्षरही त्यामुळे बदलत नाही, तथापि जनुकाच्या आरंभस्थानी असे गट दाटले म्हणजे ते जनुक बहुधा मूक होते, जुन्या सनदेचा मजकूर कायम ठेवून तिच्यावर कोणी तहकुबीचा शिक्का मारावा तसे. हे शिक्के वाचण्याची बायसल्फाइटची रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली: त्या द्रावणात साधे सायटोसिन पालटते, मेथिलयुक्त तसेच राहते. रीत अचूक खरी, पण डीएनएच्या जिवावर उठणारी. रात्रभर उबेत ठेवलेल्या नळीत सकाळी अल्कोहोल घालून ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, की तळाशी उरलेला साका कधी उजेडात जेमतेम दिसे, कधी दिसतही नसे, आणि तो तेथे आहे असे गृहीत धरूनच वरचा द्रव पिपेटने हलकेच ओढून घ्यावा लागे.

कर्करोगाच्या बाबतीत या शिक्क्यांचा रोगाशी संबंध निर्विवाद आहे; ते पुसणारे ॲझासायटिडिन हे औषध अमेरिकेत २००४ पासून अस्थिमज्जेच्या एका विकारसमूहावर मंजूर आहे. गर्भावस्थेतील आहाराचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या रक्तात सहा दशकांनंतरही आयजीएफ२ या जनुकावरील मेथिलचे प्रमाण त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले; फरक सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये आरंभिलेल्या पाहणीत, आईच्या रक्तातील ब-१२ कमी व फोलेट अधिक असता (मेथिल गटांचा पुरवठा या दोन जीवनसत्त्वांशी निगडित आहे), सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा विरोध वाढलेला दिसला. दोन्ही कामे मोलाची. परंतु रक्त म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण, प्रत्येक प्रकाराचे शिक्के निराळे, आणि साध्या पडशानेही त्या मिश्रणाचे प्रमाण बदलते. फरक ५ टक्क्यांचा असता हा आक्षेप निकाली काढल्यावाचून पुढे जाता येत नाही, हे वर्तमानपत्री मथळ्यांना कोण सांगणार!

एका व्याख्यानानंतर एक वृद्ध बाई मला थांबवून म्हणाल्या, "डॉक्टर, म्हणजे माझ्या लेकाचा मधुमेह माझ्याच खाण्यापायी का हो?" समुदायाच्या सरासरीवरून एका मुलाच्या आजाराचा पंचनामा करता येत नाही, कोणा एका आईला दोषी ठरवील असा पुरावा आमच्या शास्त्राच्या दप्तरी आजमितीस नाही, आणि हेच मी त्यांना सांगितले.