गोधडीची वाटणी

शेताची वाटणी सातबाऱ्यावर होते, घराची फुटांवर होते, भांड्यांची नगावर होते. गोधडीची वाटणी कशी करावी, हे मात्र कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. आईच्या पश्चात आम्हा चार भावंडांपुढे हा प्रश्न उभा राहिला. एकाचे घर चामोर्शीला, दुसऱ्याचे नागपूरला, तिसऱ्याचे पुण्याला, तर चौथ्याचे वसईला. शेताच्या हिश्शावरून आमच्यात आधीच दुरावा आलेला; फोन सणावारापुरते उरले होते. अशा वेळी एकाने गोधडी नेली असती, तर ती गेल्याचे दुःख इतरांना फारसे झाले नसते. आपल्याला कोणी विचारलेही नाही, याचे झाले असते.

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची कापणी आटोपली की थंडी उतरते. जमिनीवर तणस, तणशीवर सतरंजी आणि अंगावर गोधडी, अशा बिछान्यात आमचे बालपण गेले. आईच्या या गोधडीला वरून लुगड्याचे कापड होते. आत बाबांची विरलेली धोतरे होती, आमचे शाळेचे गणवेश होते. कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी एकीच्या आत एक अशा शिरत गेलेल्या. चाळीस वर्षांच्या वापराने मधला भाग पार विरून गेला होता. चारी बाजूंचा वीत-सव्वा वीत रुंदीचा पट्टा तेवढा धड होता.

ट्रंकेत ठेवावी, तर आमच्याकडचा पावसाळा आणि कसर दोघेही तिला सोडणार नाहीत. म्हणून धड भागाच्या छोट्या चेनच्या पिशव्या शिवाव्यात आणि नाताळला आईच्या अकराही नातवंडांना एकेक भेट द्यावी, असे आमच्यातील एकीने सुचविले. दुसऱ्याला ते रुचले नाही. वधस्तंभाखालच्या शिपायांनीसुद्धा प्रभूचा अंगरखा फाडला नव्हता, असा दाखला त्याने फोनवर दिला. दाखला खरा होता. परंतु संत योहान त्याचे कारणही सांगतो: तो अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, त्याला शिवण नव्हती. गोधडीत शिवणीवाचून दुसरे असते काय?

हा वाद आमच्या वृद्ध मावशीच्या कानावर गेला. तिने गोधडी मांडीवर ओढून घेतली, एका जांभळ्या तुकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “फाडल्याबिगर गोधडी होते का बापा? तुमच्या मायनं माह्यंच लुगडं फाडून हिच्यात घातलं.” जी वस्तू आम्ही आमच्या आईची म्हणून वाटू पाहत होतो, तिच्यात मावशीचा हिस्सा आमच्याही आधीचा होता. त्यानंतर विरोध राहिला नाही.

जुन्यातून नवे करण्याची ही रीत एकट्या आमच्या घराण्याची नव्हे. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. जुन्या साड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायचा कांथा ही बंगालची परंपरा. पांघरुणाखेरीज ग्रंथ गुंडाळण्याची वेष्टने आणि लहान पिशव्याही कांथ्याच्या होत आल्या आहेत. गोव्यालगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, मुंडगोड, यल्लापूर या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. या समाजात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत आणि हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. कॅथलिक सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूसही असतो. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, त्यांनी चिंध्यांतून ऊब निर्माण केली, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी जीर्ण गोधडी असेल, तर कामाची रीत सांगून ठेवतो. आधी धड भागावर खडूने नऊ इंच लांब व सात इंच रुंद असे तुकडे आखावेत. कात्री लावण्यापूर्वी प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांना मशीनची एकेक शिवण घालावी आणि दोन शिवणींच्या मधून कापावे, म्हणजे जुने टाके उसवत नाहीत. जाड थरांना अठरा नंबरची सुई लागते. चार घड्या एकत्र येतात तिथे पायडल सोडून चाक हाताने फिरवावे. अस्तराचे नवे सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावे. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्याला लावू नये, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त शिवणकाम करणाऱ्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नवे कापड आटते आणि जुन्याला ओढून फाडते.

चेन ही गोधडीच्या मानाने अलीकडची वस्तू. अमेरिकेत व्हिटकॉम जडसन यांनी १८९३ साली बुटांसाठी तिचा पहिला प्रकार काढला आणि १९१३ साली गिडिअन सुंडबॅक यांनी तिला आजचे दातेरी रूप दिले. आम्ही पाच नंबरची नायलॉनची चेन मीटरने आणली व रनर सुटे घेतले. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. शेवटची शिवण घालण्यापूर्वी चेन अर्धी उघडी ठेवावी; नाहीतर पिशवी आतल्या आत बंद होते आणि मग ती सुलटी करता येत नाही.

बावीस तुकड्यांच्या अकरा पिशव्या झाल्या. मावशीच्या लुगड्याचा जांभळा तुकडा नेमका पुण्याच्या धाकट्या नातीच्या वाट्याला गेला. प्रत्येक पिशवीत आम्ही त्या त्या तुकड्याची हकीकत लिहून एक चिठ्ठी घातली: हे आजोबांचे धोतर, हा तुझ्या वडिलांचा चौथीतला सदरा. नाताळच्या दिवशी चारी घरांचे फोन एकमेकांकडे गेले. कोणाला काय आले, कोणाच्या तुकड्यावर शाईचा डाग आहे, तो कोणी पाडला, यावर बराच वेळ बोलणे झाले. शेताचा विषय कोणी काढला नाही. त्याची मोजणी अद्याप व्हायची आहे, आणि ती सोपी नसेल, हे आम्ही सारेच जाणतो. मात्र तिच्या तारखेविषयी आता आम्ही एकमेकांना विचारू शकतो.

गोधडीचा मधला विरलेला भाग कशाच्याही उपयोगाचा नव्हता. त्यातून सूर्य दिसत होता. चामोर्शीच्या घरी नाताळचा गोठा मांडताना आम्ही तो चौघडी करून तणशीवर अंथरला आणि मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर त्याच्यावर बाळ येशूची मूर्ती ठेवली.