लांब पल्ल्याचा घोडा

आम्ही पैठणास इंग्रजी वाङ्मय शिकवितों. घोड्यांच्या शर्यतीवर आमचा एक पैसाहि कधीं लागलेला नाहीं. तरीहि होतकरू घोड्याच्या चालीविषयीं आज दोन शब्द लिहावेसे वाटतात, आणि त्याला कारण बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचा एक घोडा आहे.

1945 सालीं महाराजांनीं इंग्लंडांत न्यूमार्केटच्या लिलावांत वर्षाचें एक शिंगरूं 28,000 गिनींस घेतलें. त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षीं डर्बी जिंकला होता. महाराजांनीं त्याला आपल्या आजोबांचें नांव दिलें, सयाजीराव. भावाची कीर्ति आणि आजोबांचें नांव, एवढें ओझें घेऊन तो तीन वर्षांचा झाला व 1947 सालीं मोठ्या शर्यतींत उतरला. पहिली ‘टू थाउजंड गिनीज’, एका मैलाची. तींत ट्यूडर मिन्स्ट्रेल नांवाचा घोडा आठ घोड्यांच्या लांबीइतका पुढें निघून गेला. सयाजीराव तिसरा आला. दीड मैलाच्या डर्बींत बहुतेकांचे पैसे ट्यूडर मिन्स्ट्रेलवरच होते. पण अर्धा मैल वाढतांच तो चौथा आला, आणि सयाजीराव पुनः तिसरा. पुढें आयर्लंडची डर्बी सयाजीरावानें जिंकली. आणि सप्टेंबरांत डॉन्कास्टरच्या सेंट लेजर शर्यतींत, पावणेदोन मैलांहून थोड्या अधिक अंतरावर, तो डोकेभर पुढें राहून पहिला आला.

ह्यावरून ट्यूडर मिन्स्ट्रेल हलका ठरत नाहीं. मैलाच्या शर्यतीस परत आणतांच तो ॲस्कट येथें पुनः जिंकला. बळ दोघांचेंहि खरें. एकाचें मैलांत संपे, दुसऱ्याचें मैलानंतर दिसूं लागे. पुढची योजना आंखणारानें आधीं हें ओळखावयाचें असतें.

आमच्या वर्गांत एक विद्यार्थी आहे. वडील पैठणीच्या मागावर बसतात. आमच्या परीक्षा तीन तासांच्या, म्हणजे मैलाच्याच शर्यती. त्यांत हा दोनदां मागें पडला. प्रश्न वाचून तो विचार करीत बसतो आणि वेळ संपते. परंतु सोमवारीं शिकविलेल्या कवितेविषयीं गुरुवारीं तो जी शंका काढतो, ती पहिल्या नंबराच्या मुलाला वर्षभर सुचत नाहीं. गेल्या आठवड्यांत त्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें, “सर, पोराला आतां मागावर बसवूं कां?” आम्ही म्हणालों, “चार बोटें कांठ विणून झाला, म्हणजे तुम्ही साडीची परीक्षा करितां काय?” ते हंसले, मग म्हणाले, “नाहीं सर. पण साडी पुरी होईस्तोवर घरांत चूल पेटावी लागते.”

ह्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. लांब पल्ल्याच्या घोड्याला पल्ला संपेपर्यंत दाणा लागतो, आणि महाराजांची तिजोरी प्रत्येक घरीं नसते. अखेर असें ठरलें कीं, मुलानें सकाळीं मागावर बसावें, दुपारीं महाविद्यालयांत यावें, आणि फीचें आम्हीं पाहावें. एम्. ए. पर्यंत अजून चार वर्षें आहेत. तो तेथें पहिला येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. सेंट लेजरपर्यंत त्याला धांवूं द्यावयाचें, एवढेंच ठरलें आहे.