मेणबत्तीचा थालर

गेल्या मार्चमध्ये एका सहकाऱ्याच्या निरोपाचे भाषण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अठरा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवून ते महाविद्यालय सोडत होते. ‘स्वतः जळून इतरांना प्रकाश देणारी मेणबत्ती’ हे वाक्य सवयीने कागदावर उतरलेही.

त्याच दिवसांत जुन्या जर्मन नाण्यांवरचे एक पुस्तक चाळत होतो. बोहेमियातील योआखिमस्थाल या खाणगावी १५२० च्या सुमारास श्लिक सरदारांनी चांदीची मोठी नाणी पाडली. ‘थाल’ म्हणजे दरी. दरीतले नाणे तो थालर. आजचा ‘डॉलर’ हा त्याच शब्दाचा वंशज. १५६६ च्या आउग्सबुर्ग येथील ठरावानुसार साम्राज्याच्या थालरात सुमारे २६ ग्रॅम शुद्ध चांदी असे.

पुस्तकातील एका थालरापाशी मात्र थबकलो. नाण्यावर एक केसाळ रानमाणूस, आणि त्याच्या हाती जळती मेणबत्ती! ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक युलियस (कारकीर्द १५६८ ते १५८९) याचे हे नाणे. ‘इतरांची सेवा करता करता मी झिजतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन हे त्याचे ब्रीद होते. हेल्मश्टेट येथील विद्यापीठ १५७६ मध्ये याच युलियसने स्थापन केले. तेव्हा ते ब्रीद अगदीच पोकळ होते, असे म्हणता येत नाही.

परंतु याच युलियसने १५७४ पासून हार्त्स पर्वतातील चांदीची ‘लोझर’ नावाची अनेक थालर मोलाची थोरली नाणी पाडली. प्रजाजनांनी ती ऐपतीप्रमाणे विकत घ्यावीत, घरी जपून ठेवावीत आणि संकटकाळी ती राज्याच्या कामी यावीत, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. म्हणजे मेणबत्ती राजाच्या नाण्यावर. मेण मात्र रयतेच्या घरचे.

मी माझ्या वाक्याकडे पुन्हा पाहिले. माझी नोकरी कायम आहे, निवृत्तिवेतनही मिळेल. ज्यांना सुट्टीतल्या महिन्यांचे मानधनही कधी मिळाले नाही, त्यांच्या जळण्याचे कौतुक मी कोणत्या अधिकाराने करणार होतो? आणि त्या अठरा वर्षांत त्यांच्यासाठी एखादा तरी अर्ज मी लिहिला होता काय?

ते वाक्य मी खोडले. समारंभात त्यांनी शिकवलेल्या कवितांविषयी बोललो, आणि ते दरमहा किती तासांचे मानधन घेऊन घरी जात, तो आकडाही सांगितला. सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत. सरांनी मात्र मान वर करून पाहिले.