दोन रंगांची एकच अळी

डोंबिवलीतल्या आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर पावसाळ्यात भोपळ्याच्या बीसारखे चपटे तुकडे चिकटलेले दिसतात. कित्येक वर्षं मी ते रंगाचे पोपडे समजून झाडूने पाडत होते. एके दिवशी एक पोपडा चालू लागला.

आईने लगेच निकाल दिला, "कसर आहे ती. स्वेटर बघ आधी." मी कपाटात डांबरगोळ्या ओतल्या, घर आठवडाभर घमघमलं, आणि स्वेटरला एक भोक नव्हतं. तो पोपडा म्हणजे खोळीत राहणारी फेरीओइका या प्रजातीची अळी; ती जळमटं, मेलेले किडे, केस असल्या कचऱ्यावर जगते. लोकर मिळाली तर तीही कुरतडते म्हणा. पण लोकरीच्या कपड्यांसाठी बदनाम झालेली जी खोळवाली अळी, तिची खोळ नळीसारखी असते; हिची चपटी, मधे रुंद. तेवढंही मी पाहिलं नव्हतं.

मग मी चित्र काढलं: हे डोकं, हे शेपूट. दुसऱ्या दिवशी डोकं शेपटाकडून बाहेर! एका खोळीत दोन अळ्या, अशी मी वहीत नोंद केली. खरं तर खोळ दोन्हीकडून उघडी असते आणि मधल्या रुंद भागात अळी आतल्या आत वळते.

पण सगळ्यात लाजिरवाणं पुढेच आहे. न्हाणीघरातल्या खोळी निळसर, गॅलरीत तुळशीच्या कुंडीपाशी तांबूस. मी दोन जाती ठरवून मोकळी! अळी रेशमी अस्तरावर हाताशी येईल ते चिकटवते. न्हाणीघराची भिंत निळी, कुंडीला गेरू. मी जाती नव्हे, आमच्या घराचे रंग ओळखत होते.

शेवटी बरणीत ठेवलेल्या एका खोळीतून पतंग निघाला. जेमतेम सेंटिमीटरभर, राखाडी, डोक्यावर विस्कटलेले केस, पंखांवर काळपट ठिपके, मागच्या पंखांना लांब झालर. मी चिमटीत धरला आणि ठिपके बोटांवर आले. तरीही डबीवर शाईने लिहिलं: फेरीओइका युटेरेला.

एका जाणकारांना डबी दाखवली. ते म्हणाले, "ताई, ठिपक्यांवर जात नाही ठरत. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. पोट कुठाय याचं?"

पोट मुंग्यांनी नेलं होतं.